बाळाचा पहिला प्रवास : बालप्रवासी सुरक्षेच्या सार्वजनिक आरोग्यविचाराची चिकित्सा

प्रस्तावना

रस्त्यावरील अपघातात एखादे बालक दगावले की त्याची नोंद दोन ठिकाणी होते. पोलीस ठाण्यात ती गुन्ह्याची नोंद असते, तर रुग्णालयात मृत्यूची. पहिली नोंद दोषी कोण याचा शोध घेते. दुसरी मृत्यूचे वैद्यकीय कारण लिहून थांबते. ते बालक वाहनात कोठे बसले होते, कशाच्या आधाराने बसले होते आणि तो आधार त्याच्या वयाला व देहाला पुरेसा होता काय, हा प्रश्न पुष्कळदा या दोन्ही नोंदींच्या मध्ये हरवून जातो. सार्वजनिक आरोग्यशास्त्राने गेल्या सहा-सात दशकांत हाच हरवलेला प्रश्न केंद्रस्थानी आणला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ व २०२३ च्या अहवालांनुसार ५ ते २९ वर्षे या वयोगटातील मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण रस्त्यावरील अपघात हे आहे. ज्या वयात मुलांचे लसीकरण पूर्ण होऊन पालक निर्धास्त होतात, त्याच वयापासून हा धोका सर्वांत मोठा ठरतो, ही बाब या विषयाचे गांभीर्य स्पष्ट करते.

बालक व किशोरवयीन प्रवाशांच्या सुरक्षेसाठी सार्वजनिक आरोग्याच्या मार्गाने सर्वांत दीर्घकाळ व सुसंघटित प्रयत्न झाले ते अमेरिकेत. प्रस्तुत लेखात या प्रयत्नांमागील विचार, त्यांचे यश, त्यांतील उणिवा आणि त्यांवर घेतले गेलेले आक्षेप यांची चिकित्सा केली आहे. त्याचबरोबर २०१९ च्या मोटार वाहन (सुधारणा) अधिनियमाने भारतात या विचाराचा कोणता भाग स्वीकारला आणि कोणता मागे ठेवला, याचा महाराष्ट्राच्या संदर्भात विचार केला आहे. पालकांच्या दक्षतेवरील सुरक्षिततेचा भार कमी करून तो व्यवस्थेवर टाकण्यात या विचाराचे खरे सामर्थ्य आहे. जेथे हे विसरले गेले तेथे तो विचार केवळ उपदेश किंवा दंड होऊन राहिला, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

‘अपघात’ या कल्पनेची मर्यादा

मराठी भाषिक समाजात अपघाताकडे पाहण्याच्या दोन रीती प्रचलित आहेत. एक दैवाची व दुसरी दोषाची. ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ हे वचन पहिल्या रीतीचे आहे; ‘चालकाचा निष्काळजीपणा’ हा वृत्तपत्रीय शब्दप्रयोग दुसऱ्या रीतीचा. वरवर पाहता या दोन्ही रीती परस्परविरुद्ध वाटतात, परंतु परिणामाच्या दृष्टीने त्या एकाच ठिकाणी येऊन थांबतात. दैव मानले तर करण्यासारखे काही उरत नाही आणि केवळ दोष मानला तर शिक्षेपलीकडे करण्यासारखे काही उरत नाही.

या कोंडीतून बाहेर पडण्याचा मार्ग साथरोगशास्त्राने दाखविला. १९४९ मध्ये जॉन गॉर्डन यांनी अपघातांचाही साथीच्या रोगांप्रमाणे अभ्यास करता येतो, असे मांडले. व्यक्ती, कारक व परिसर या तीन घटकांच्या परस्परसंबंधांतून रोग उद्भवतो, तसेच दुखापतीचेही आहे, हे त्यांचे सूत्र होते. मात्र दुखापतीचा ‘कारक’ नेमका कोणता, याचे उत्तर पुढे मिळाले. देहाच्या सहनशक्तीपलीकडे त्याच्यावर येऊन आदळणारी ऊर्जा हाच तो कारक होय, ही भूमिका विल्यम हॅडन या सार्वजनिक आरोग्याच्या डॉक्टरांनी व्यवस्थित रूपात मांडली. १९६६ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या राष्ट्रीय महामार्ग सुरक्षा विभागाचे ते पहिले प्रमुख होते. रस्ता सुरक्षेच्या शासकीय यंत्रणेचे नेतृत्व पोलीस अधिकाऱ्याकडे किंवा अभियंत्याकडे न जाता एका आरोग्यतज्ज्ञाकडे गेले, ही घटना वैचारिक दृष्ट्याही महत्त्वाची आहे.

हॅडन यांनी घटनेचे तीन टप्पे कल्पिले : धडकेपूर्वीचा, धडकेच्या क्षणाचा आणि धडकेनंतरचा. प्रत्येक टप्प्यात व्यक्ती, वाहन व परिसर यांबाबत काय करता येईल, याचा तक्ता त्यांनी तयार केला. या मांडणीमुळे ‘धडक टळली नाही, तरी दुखापत टाळता येते’ हे तत्त्व पुढे आले. हिवतापाच्या निर्मूलनासाठी प्रत्येक व्यक्तीला डासांपासून दूर राहण्याचा उपदेश करून भागत नाही. डबकी बुजवावी लागतात, मच्छरदाण्या पुरवाव्या लागतात. तद्वतच प्रत्येक चालक सदैव सावध राहील या भरवशावर बालकांचे प्राण सोडता येत नाहीत. बालप्रवासी सुरक्षेचा पुढील सर्व विचार या तत्त्वावर उभा आहे.

आईची मांडी आणि टेनेसीचा कायदा

वाहनातील लहान मुलांसाठीची आसने १९३० च्या दशकापासून मिळत होती. परंतु मूल जागेवर स्थिर राहावे व चालकाला त्याचा त्रास होऊ नये, एवढाच त्यांचा हेतू होता. सुरक्षेसाठी आसन ही कल्पना १९६० च्या दशकात रुजू लागली. अमेरिकेच्या संघराज्य शासनाने १९७१ मध्ये या आसनांसाठी पहिले मानक लागू केले. तथापि प्रत्यक्ष धडक घडवून आसनाची चाचणी घेण्याची अट त्यात नव्हती. ती अट लागू होण्यास १९८१ साल उजाडावे लागले. म्हणजेच जवळजवळ दशकभर ‘सुरक्षा आसन’ या नावाने विकल्या जाणाऱ्या वस्तूला धडकेत टिकून दाखविण्याचे कायद्याने बंधन नव्हते.

आसन वापरण्याचे बंधन घालणारा अमेरिकेतील पहिला कायदा टेनेसी राज्याने १९७७ मध्ये केला. १ जानेवारी १९७८ पासून तो अमलात आला आणि चार वर्षांखालील मुलांना तो लागू होता. या कायद्यामागील प्रमुख प्रेरणा डॉ. रॉबर्ट सँडर्स यांची होती. ते बालरोगतज्ज्ञ होते आणि रदरफर्ड परगण्याच्या आरोग्य विभागाचे संचालकही होते. १९७६ मध्ये त्यांचा पहिला प्रयत्न फसला. पालकांच्या खासगी अधिकारात शासनाने ढवळाढवळ करू नये, हा त्या वेळचा मुख्य आक्षेप होता. दुसऱ्या वर्षी कायदा संमत झाला, परंतु एका दुरुस्तीसह. मोठ्या व्यक्तीने बालकाला हातांत धरलेले असेल तर आसनाची आवश्यकता नाही, अशी ती दुरुस्ती होती. या सवलतीला डॉ. सँडर्स ‘बालक चिरडणारी दुरुस्ती’ म्हणत. १९८१ मध्ये ती रद्द झाली.

ही दुरुस्ती या विषयाच्या अभ्यासात मध्यवर्ती मानावी लागते. कारण तिच्यामागे दुष्ट हेतू नव्हता, तर एक अत्यंत जुनी व हृद्य श्रद्धा होती. आईची मांडी हे जगातील सर्वांत सुरक्षित स्थान होय, ही भावना टेनेसीतील मातेची आहे तशीच ती महाराष्ट्रातील मातेचीही आहे. मात्र गतिशास्त्र ही भावना जाणत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाच्या दहाव्या भागात थांबले, तर १० किलो वजनाच्या बालकाला धरून ठेवण्यासाठी सुमारे १४० किलो वजन पेलण्याएवढे बळ लागते. कोणत्याही मातेच्या हातांत ते नसते. या वेगाने समोर आदळणे हे सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून पडण्यासारखे आहे. शिवाय आई स्वतः सीटबेल्टविना असेल तर तिचा देहही त्याच वेगाने पुढे फेकला जातो आणि बालक तिच्या व डॅशबोर्डच्या मध्ये सापडते. डॉ. सँडर्स यांच्या कठोर शब्दांचा अर्थ हाच होता.

याच सुमारास, १९७९ मध्ये, सुझन बेकर यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून असे दिसून आले की, लहान मुलांमध्ये मोटारीतील प्रवासी म्हणून मृत्यूचे प्रमाण सहा महिन्यांखालील अर्भकांत सर्वाधिक होते. या वयातील अर्भके मांडीवर बसूनच प्रवास करीत असत. १९८० मध्ये अमेरिकन बालरोग अकादमीने ‘पहिला प्रवास, सुरक्षित प्रवास’ या आशयाची मोहीम सुरू केली. प्रसूतिगृहातून घरी जाणाऱ्या नवजात अर्भकाचा पहिलाच प्रवास आसनातून व्हावा, हे तिचे सूत्र होते. आसन विकत घेणे न परवडणाऱ्या कुटुंबांना ते काही काळासाठी वापरण्यास देण्याच्या योजना रुग्णालये, आरोग्य विभाग व सेवाभावी संस्था यांनी चालविल्या. १९८५ पर्यंत अमेरिकेच्या सर्व ५० राज्यांत असे कायदे झाले. कायदा, प्रसूतिगृहातील समुपदेशन आणि आसनांचा पुरवठा ही तीन अंगे येथे एकत्र आली होती, हे लक्षात घेतले पाहिजे. त्यांपैकी केवळ कायदा वेगळा काढून त्याचे अनुकरण केल्यास तोच परिणाम साधेल, असे मानण्यास आधार नाही.

यश आणि त्याची विषम वाटणी

अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या मूल्यमापनानुसार, मोटारगाडीत योग्य आसन वापरल्यास अर्भकांच्या मृत्यूचा धोका सुमारे ७१ टक्क्यांनी आणि १ ते ४ वर्षांच्या बालकांचा सुमारे ५४ टक्क्यांनी घटतो. एकाच साधनाने एवढा लाभ होण्याची उदाहरणे आरोग्यक्षेत्रात थोडी आहेत. तथापि या आकड्यांत ‘योग्य’ हा शब्द निर्णायक आहे. आसन मागील बाजूस तोंड करून बसविणे, पट्टा पुरेसा घट्ट ओढणे, मुलाच्या उंचीप्रमाणे पट्ट्याची जागा बदलणे अशा अनेक बारीकसारीक गोष्टींवर त्याचा उपयोग अवलंबून असतो. २०११ मध्ये करण्यात आलेल्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे ४६ टक्के आसनांच्या वापरात काही ना काही गंभीर चूक आढळली.

या निष्कर्षाचे दोन अर्थ लावता येतात. पालक अजाण आहेत, त्यांना अधिक शिकविले पाहिजे, हा एक अर्थ. जवळजवळ निम्मे वापरकर्ते ज्या साधनाचा वापर चुकवितात त्या साधनाची रचनाच सदोष मानली पाहिजे, हा दुसरा. हॅडन यांच्या विचाराशी सुसंगत असा अर्थ दुसराच होय. अमेरिकेत दोन्ही दिशांनी काम झाले. आसन बसवून देणारे व तपासणारे प्रशिक्षित तंत्रज्ञ तयार करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. तसेच सीटबेल्टची गुंतागुंत टाळून आसन थेट वाहनाच्या सांगाड्याला अडकविण्याची सोय २००२ पासून नव्या मोटारींत बंधनकारक झाली. यांपैकी दुसऱ्या उपायाने पालकाच्या कौशल्यावरील भार काही अंशी कमी केला. पहिल्या उपायात मात्र तपासणी केंद्रापर्यंत पोहोचण्यासाठी लागणारा वेळ, भाषेचे ज्ञान व माहिती ज्यांच्याकडे आहे त्यांनाच लाभ अधिक मिळण्याची शक्यता राहिली.

यशाच्या विषम वाटणीचा पुरावा रोग नियंत्रण केंद्राच्या २०१४ च्या अहवालात मिळतो. २००२ ते २०११ या काळात १२ वर्षे व त्याखालील बालप्रवाशांचे मृत्यू ४३ टक्क्यांनी घटले, ही त्यातील समाधानाची बाब. परंतु मृत्युमुखी पडलेल्या मुलांपैकी कोणत्याही बंधनाविना बसलेल्या मुलांचे प्रमाण श्वेतवर्णीयांत २६ टक्के, तर कृष्णवर्णीयांत ४५ व हिस्पॅनिक समाजात ४६ टक्के होते. कायदा सर्वांना समान होता. साधन, वेळ व माहिती समान नव्हती. एकूण घट दाखविणारा आकडा या विषमतेला झाकून टाकतो, ही सार्वजनिक आरोग्याच्या अनेक कार्यक्रमांत आढळणारी उणीव येथेही दिसते.

या वाटचालीत एक गंभीर धडाही मिळाला. प्रौढांच्या रक्षणासाठी बसविलेल्या पुढील आसनाच्या एअरबॅगमुळे १९९० च्या दशकात अमेरिकेत अनेक लहान मुलांचे प्राण गेले. प्रौढ पुरुषाचा देह प्रमाण मानून केलेली रचना बालकाला घातक ठरली. १३ वर्षांखालील मुलांनी मागील आसनावरच बसावे, हा आज सर्वपरिचित असलेला नियम या अनुभवानंतर ठळकपणे पुढे आला. भारतात मोटारींतील एअरबॅगची संख्या वाढत असताना या इतिहासाचे स्मरण ठेवणे आवश्यक आहे.

दोन आक्षेप

बालप्रवासी सुरक्षेच्या या परंपरेवर आतून टीका झाली, तशी बाहेरूनही झाली. अर्थशास्त्रज्ञ स्टीव्हन लेव्हिट यांनी २००५ मध्ये असा दावा केला की, दोन वर्षांवरील मुलांचे मृत्यू टाळण्यात विशेष आसने साध्या सीटबेल्टपेक्षा फारशी सरस ठरत नाहीत. हा दावा फेटाळून लावण्याऐवजी आरोग्य संशोधकांनी त्याची दखल घेतली. २००६ मध्ये मायकेल एलियट व सहकाऱ्यांनी वेगळ्या पद्धतीने विश्लेषण करून २ ते ६ वर्षांच्या मुलांत आसनामुळे मृत्यूचा धोका सीटबेल्टच्या तुलनेत २८ टक्क्यांनी कमी होतो, असा निष्कर्ष काढला. ज्या अपघातांत कोणाचा तरी मृत्यू झाला केवळ त्यांचीच आकडेवारी वापरली तर चित्र अपुरे राहते, हा पद्धतीविषयक मुद्दा या वादातून स्पष्ट झाला. शिवाय मृत्यू हा एकच निकष मानल्यास मणक्याच्या व उदराच्या दुखापतींचा हिशेब लागत नाही. प्रौढांसाठीचा पट्टा लहान मुलाच्या मांड्यांवर न राहता पोटावर येतो, हे मोठ्या वयाच्या मुलांसाठी उंची वाढविणाऱ्या बूस्टर आसनाचे मुख्य कारण आहे.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. जॉर्डन निकर्सन व डेव्हिड सॉलोमन यांनी २०२० मध्ये मांडलेल्या अभ्यासात असे म्हटले की, आसनसक्तीचे वय वाढत गेल्याने तिसऱ्या अपत्यासाठी मोठी मोटार घेणे भाग पडते आणि परिणामी काही कुटुंबे तिसरे अपत्य टाळतात. त्यांच्या अंदाजानुसार २०१७ मध्ये या कायद्यांनी ५७ बालमृत्यू टळले; मात्र त्याच वर्षी सुमारे ८,००० जन्म घटले. न झालेला जन्म व टळलेला मृत्यू यांची एका तराजूत तुलना करता येते काय, हा नैतिक प्रश्न आहे आणि तिचे उत्तर होकारार्थी देणे कठीण आहे. तरीही या अभ्यासातून एक गोष्ट मान्य करावी लागते. सुरक्षेचा खर्च जेव्हा पूर्णतः कुटुंबावर टाकला जातो, तेव्हा तो आयुष्याच्या अनपेक्षित भागांत उमटतो. म्हणून ‘नियम किती कडक’ या प्रश्नाइतकाच ‘खर्च कोणाचा’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

किशोरवयीन प्रवाशांचा प्रश्न

बालकाच्या बाबतीत वाहन चालविणारा प्रौढ असतो. किशोराच्या बाबतीत पुष्कळदा चालक व प्रवासी समवयस्क असतात. या वयोगटासाठी दीर्घकाळ शालेय प्रबोधनावर भर देण्यात आला. परंतु धोका ज्ञानाच्या अभावापेक्षा परिस्थितीत अधिक आहे, हे संशोधनातून दिसू लागले. २००० मध्ये ली-हुई चेन, सुझन बेकर व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १६ व १७ वर्षांच्या चालकांच्या प्राणघातक अपघातांचा धोका सोबतच्या प्रवाशांच्या संख्येबरोबर वाढत जातो, असे आढळले. मित्रांची सोबत हीच जेथे जोखीम ठरते, तेथे केवळ चांगल्या वर्तनाचा उपदेश अपुरा पडतो.

या समजुतीवर टप्प्याटप्प्याने परवाना देण्याची पद्धत आधारलेली आहे. न्यूझीलंडने १९८७ मध्ये व अमेरिकेत फ्लोरिडा राज्याने १९९६ मध्ये ती स्वीकारली. पुढे ती इतर राज्यांत पसरली. अशा पद्धतीत नवशिक्या चालकास आरंभी रात्रीच्या वेळी वाहन चालविण्यास व, अनेक ठिकाणी, समवयस्क प्रवासी सोबत नेण्यास मर्यादा असतात. अनुभव वाढेल तशा त्या सैल होतात. येथे किशोराला गुन्हेगार मानलेले नाही आणि त्याला मोकळेही सोडलेले नाही. धोकादायक परिस्थितीशी त्याची गाठ काही काळ लांबणीवर टाकली आहे. याउलट भारतात २०१९ च्या सुधारणेतील कलम १९९-अ अन्वये अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द आणि त्या अल्पवयीनास २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना नाही, अशी तरतूद आहे. शिक्षा कठोर आहे. मात्र वयाची १८ वर्षे पूर्ण होताच तोच युवक रात्री-अपरात्री मित्रांना घेऊन वाहन चालविण्यास एकदम पात्र ठरतो. शिक्षा व मोकळीक यांच्या मध्ये शिकण्याचा टप्पा कायद्याने जवळजवळ रिकामा ठेवला आहे.

भारतीय कायदा आणि महाराष्ट्रातील वास्तव

बालप्रवाशांविषयीची भारतीय तरतूद कलम १९४-ब मध्ये आहे. १४ वर्षांखालील बालक सीटबेल्टने किंवा बालसुरक्षा आसनाने सुरक्षित केलेले नसल्यास वाहन चालविणाऱ्यास किंवा चालवू देणाऱ्यास १,००० रुपये दंड होतो. बालकाची स्वतंत्र दखल घेणारी ही तरतूद स्वागतार्ह आहे यात शंका नाही. तथापि तिच्या शब्दरचनेत ‘किंवा’ हा शब्द चिंतेचा आहे. तीन वर्षांच्या मुलास प्रौढांचा पट्टा बांधला तरी कलमाच्या शब्दाचे पालन होते. वय, उंची वा वजन यांनुसार कोणते साधन हवे, हे कलम सांगत नाही. ज्या भेदावर अमेरिकेतील चार दशकांचे संशोधन उभे आहे, तो भेदच येथे पुसला गेला आहे. आसनांचा पुरवठा, प्रसूतिगृहातील मार्गदर्शन व आसन बसवून देणारी यंत्रणा यांचा तर या कायद्यात विचारच नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप या मोटारींच्या सुरक्षा मूल्यांकनात बालप्रवाशांच्या संरक्षणाला स्वतंत्र गुण आहेत, ही रचनेच्या दिशेने पडलेली चांगली पायरी होय; परंतु हे मूल्यांकन ऐच्छिक आहे आणि ते मोटारींपुरतेच मर्यादित आहे.

महाराष्ट्रातील बहुसंख्य मुलांचा प्रवास मोटारीतून होतच नाही, हा याहून मोठा प्रश्न आहे. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्यू पावल्या. त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होत्या. पेट्रोलच्या टाकीवर पुढे बसलेले मूल, आई-वडिलांच्या मध्ये दाबून बसलेले दुसरे आणि आईच्या कडेवरील तिसरे, हे दृश्य शहरात व खेड्यात सारखेच परिचित आहे. ते निष्काळजीपणाचे लक्षण म्हणून पाहिले जाते. परंतु त्या कुटुंबाच्या दृष्टीने दुसरे कोणते वाहन उपलब्ध होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२२ मध्ये अधिसूचित केलेल्या व एका वर्षाने अमलात आलेल्या नियमानुसार दुचाकीवर चार वर्षांखालील मूल नेताना त्यास चालकाशी जोडणारा सुरक्षा पट्टा लावणे, ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलास शिरस्त्राण घालणे व वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवणे बंधनकारक आहे. भारतीय वास्तवाची दखल घेणारा हा नियम आहे. तथापि हा पट्टा मूल घसरून पडण्यास अटकाव करतो. धडकेच्या वेळी चालकाबरोबर मूलही फेकले जाणे तो थांबवू शकत नाही. मोटारीतील आसनाची सुरक्षितता दुचाकीला नियमाने देता येत नाही, ही मर्यादा प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे.

म्हणूनच महाराष्ट्रात बालप्रवासी सुरक्षेचा विचार मुलाला अधिक सुरक्षित वाहन मिळवून देण्यापासून सुरू व्हावयास हवा. या दृष्टीने पाहता, सुरक्षेचे नावही न घेणाऱ्या काही योजना महत्त्वाच्या ठरतात. ग्रामीण भागातील विद्यार्थिनींना राज्य परिवहनच्या एस.टी.ने विनामूल्य प्रवास देणारी अहिल्याबाई होळकर योजना आणि मानव विकास कार्यक्रमातून मुलींसाठी धावणाऱ्या निळ्या बसगाड्या या शिक्षणाच्या योजना म्हणून ओळखल्या जातात. परंतु जी मुलगी एस.टी.तून जाते, ती त्या दिवशी ट्रिपल सीट दुचाकीवर किंवा टपापर्यंत भरलेल्या वडापात बसत नाही. धोक्यापासून व्यक्तीला दूर ठेवणे हा हॅडन यांच्या विचारातील एक मूलभूत उपाय होता. एस.टी.ची एखादी फेरी बंद होते, तेव्हा वाहतुकीच्या हिशेबात तोटा कमी झाल्याचे दिसते. त्या मार्गावरील किशोरवयीनांच्या जिवाची वाढलेली जोखीम कोणत्याही हिशेबात येत नाही. शालेय वाहतुकीसाठी राज्याने २०११ मध्ये केलेल्या नियमांत प्रत्येक शाळेत परिवहन समितीची तरतूद आहे. ही समिती कागदापुरती न राहता मुले शाळेत प्रत्यक्ष कोणत्या वाहनाने येतात याची नोंद ठेवू लागली, तर या विषयातील मूलभूत माहितीची उणीव बऱ्याच अंशी भरून निघेल.

आणखी एक संधी थेट आरोग्य विभागाच्या हाती आहे. १ जून २०११ पासून सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमांतर्गत शासकीय संस्थेत प्रसूत झालेल्या मातेस व नवजात बालकास घरापर्यंत विनामूल्य वाहनाने पोहोचविले जाते. म्हणजे अमेरिकेत ज्या ‘पहिल्या प्रवासा’साठी पालकांची मनधरणी करावी लागली, तो प्रवास येथे असंख्य बालकांच्या बाबतीत शासनाच्याच वाहनातून होतो. वाहन शासनाचे, चालक शासनाने नेमलेला, खर्च शासनाचा. तरीही बाळ मात्र मांडीवरच असते. या वाहनांपैकी जी मोटारीसारख्या बैठकीची आहेत, त्यांत अर्भकासाठी एक आसन कायमचे बसविणे व चालकास ते वापरण्याचे शिक्षण देणे अशक्य नाही. आसन कुटुंबाने विकत घ्यावयाचे नसून ते वाहनातच राहणार असल्याने एक आसन शेकडो बाळांच्या उपयोगी पडेल. लांब आडव्या बाकांच्या रुग्णवाहिकांत असे आसन बसणार नाही. तेथे किमान मातेसाठी सीटबेल्ट व वेगमर्यादा यांचा आग्रह धरता येईल.

या ठिकाणी एक धोका मात्र टाळला पाहिजे. घरी जाऊन नवजात बालकाची सहा वेळा पाहणी करणाऱ्या आशा कार्यकर्तीकडे ‘प्रवास सुरक्षेचा संदेश’ देण्याचे आणखी एक काम सोपवून कार्यक्रम पूर्ण झाल्याचे मानणे सोपे आहे. पण साधन न देता केवळ संदेश दिल्यास तो भार आईवरून दुसऱ्या एका स्त्रीवर सरकतो. व्यवस्थेवर येत नाही.

समारोप

बालप्रवासी सुरक्षेच्या सार्वजनिक आरोग्यविचाराचा इतिहास पाहता काही निष्कर्ष काढता येतात. अपघाताला दैव किंवा केवळ दोष न मानता ऊर्जेच्या आघाताचा प्रश्न मानल्यामुळे प्रतिबंधाचे अनेक मार्ग खुले झाले. टेनेसीचा कायदा, आसनांचा पुरवठा व रचनेतील सुधारणा या परस्परपूरक उपायांनी अमेरिकेत बालमृत्यू घटले. मात्र ज्या कुटुंबांपर्यंत साधन व माहिती पोहोचली नाही तेथे तोच कायदा दुबळा ठरला. किशोरांच्या बाबतीत उपदेश व शिक्षा यांपेक्षा धोक्याची परिस्थिती टप्प्याटप्प्याने हाताळणे अधिक विवेकी ठरले. भारताने २०१९ मध्ये या परंपरेतील दंडाचा भाग प्रामुख्याने स्वीकारला. पुरवठा, रचना व सार्वजनिक वाहतूक हे भाग मागे राहिले. महाराष्ट्राच्या संदर्भात तर मोटारीतील आसनापेक्षा एस.टी.ची फेरी, शाळेची परिवहन समिती व प्रसूत मातेला घरी सोडणारे शासकीय वाहन हीच बालप्रवासी सुरक्षेची खरी साधने आहेत.

टेनेसीच्या विधिमंडळास आईच्या हातांवरील विश्वास सोडण्यास चार वर्षे लागली. तो विश्वास चुकीचा होता, कारण त्या हातांवर त्यांच्या शक्तीबाहेरचे ओझे टाकले गेले होते. आईच्या प्रेमाचा आदर करण्याचा मार्ग तिला दंड करणे किंवा तिला उपदेश करणे हा नव्हे. जे ओझे तिला पेलणे शक्य नाही ते तिच्याकडून काढून घेणे, हाच तो मार्ग होय. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारातून बाळाला घेऊन निघणारे वाहन हे या कामाचे सर्वांत जवळचे आरंभस्थान आहे.